जेवायला बोलावणं

लायसन नामागोवाने मलावीतल्या ब्लांटायर शहराच्या न्दिरांडे वस्तीत एकतीस वर्षं मक्याची गिरणी चालवली. गिरणीने कान कधी खाल्ले, हे त्यालाही नेमकं सांगता आलं नसतं. आधी पाखरं गेली, मग पोरांचे आवाज, शेवटी बायको एलुबीचाही. पण ती समोर बसून, तोंड मोठं करून बोलायची, म्हणून निभावलं. चार वर्षांपूर्वी ती वारली आणि समोर बसणारं कुणी उरलं नाही. मुलगा दिवसभर कामावर. सून एसनार्ट वाईट नव्हती. ताट ठेवायची आणि पाठ फिरवायची. नातवंडं मागे उभी राहून हाका मारत, आणि आजोबा वळले नाहीत की खिदळत.

इस्पितळात बहिऱ्या माणसांच्या मेंदूची चित्रं काढताहेत, असं कळल्यावर तो गेला. कान बरे होणार नाहीत, हे डॉक्टर मासेकोबाईंनी आधीच लिहून दाखवलं होतं. घरी बसण्यापेक्षा बरं, म्हणून गेला.

अंगठी काढून त्याला नळकांड्यासारख्या यंत्रात निजवलं. डोकं जराही हलवायचं नाही, अशी ताकीद होती. वरच्या आरशात पडद्यावरची एक बाई दिसू लागली. आवाज नाही, नुसते ओठ. बाजार, पाऊस, बस, असं काहीबाही ती बोलत होती आणि तो ओळखत होता. मग ती म्हणाली, "न्सिमा तयार आहे, या जेवायला."

त्याचं डोकं हललं. चित्रं बिघडली. यंत्र थांबवून मासेकोबाई आत आल्या, तर म्हाताऱ्याच्या डोळ्यांतलं पाणी ओघळून कानांत गेलेलं.

"दुखलं का कुठे, बाबा?" त्यांनी समोर येऊन विचारलं.

"नाही. चार वर्षांत कुणी बोलावलं नव्हतं."

दुसऱ्या खेपेला तो हलला नाही. पुढे चित्र दाखवताना मासेकोबाईंनी एका उजळ डागावर बोट ठेवलं. ती ऐकण्याची जागा; ओठ बघताना तीच जागी झाली होती.

"म्हणजे ओस नाही पडली?"

"नाही बाबा. पण समोर बसून बोलणारं माणूस हवं."

घरी येऊन त्याने हे एसनार्टला सांगितलं, जरा मोठ्यानेच. ती ओशाळली. तीन दिवस ताट घेऊन समोर टेकली. शेंगदाणे महागले, धाकट्याला ताप आला, असं सांगत राहिली. चौथ्या दिवशी चुलीवर काही करपलं आणि ती ताट ठेवून पळाली. नंतर क्वचितच टेकली.

लायसनने तक्रार केली नाही. आपलं स्टूल उचलून तो चुलीपाशी बसू लागला, जिथून तिचं तोंड दिसे. काम करताना ती बहुतेक गप्पच असे.