थोरलीचं सिझर

तुमच्यातली थोरली तुमच्या आईच्या, म्हणजे माझ्या लेकीच्या, पोटात बसून होती. डोकं वर, पाय खाली. सोनोग्राफीत ते दिसलं तेव्हा नववा महिना सरत आला होता.

डॉक्टरीणबाई "सिझर" म्हणाल्या आणि माझ्या कपाळाला आठी पडली. आमच्या कॉलनीत जिला विचारावं तिचं सिझरच. मी सरळ म्हटलं, "कारण सांगा. हल्ली असंच करतात, हे कारण नव्हे."

त्यांनी न चिडता फाइलच्या मागे चित्र काढलं. अंग आधी बाहेर येईल, डोकं शेवटी. ते अडकलं तर हातात वेळ फार थोडा. कधी कधी पोटावरून हातानं मूल फिरवून बघता येतं, पण इथे बाळाभोवतीचं पाणी कमी, म्हणून तेही नाही. मला पटलं. परवाची सकाळ ठरली.

दुसऱ्याच दिवशी तुमची दिंडोरीची आजी गाडी घेऊन दारात.

"विहीणबाई, सूनबाईला न्यायला आले. आमच्याकडं एक म्हातारी हाय, तेल लावून पोर फिरवती. तुमचे जावई बी तिनंच फिरवले व्हते."

"तेव्हा पोटात पाणी किती होतं, मोजलं होतं कुणी?"

"पाणी मोजायला ती काय द्राक्षबाग हाय? तुम्ही शिकलेल्या, डॉक्टरनं चित्र काढलं की लगेच पटतं!"

"चित्र नाही, कारण पटलं. पहिलं बाळंतपण माहेरचं. ती या घरातून निघेल ती दवाखान्यातच जाईल."

तेवढ्यात तुमची आई कमरेला हात लावत बाहेर आली. "आत्याबाई, माझ्या पोटाला कुणी हात लावायचा नाही. आणि आई, तूही माझ्या वतीनं बोलू नकोस. चित्र मलाही कळलंय. सही मी करणार."



तिनं सही केली. थोरली रडतच बाहेर आली, अगदी ठणठणीत. पुढे आठवडाभर तुमची आई पलंगाचा दांडा धरून, ओठ चावत उठून बसायची.

बारशाला शेजारीण म्हणाली, "बरंय बाई, कळा न सोसता आई झाली."

मी तोंड उघडणार, तोच दिंडोरीच्या आजी कडाडल्या, "इकडं ये, तुला टाके घालते. मग सांग सोसणं म्हंजी काय!"

म्हातारीनं मूल नक्की फिरवलं असतं, असं त्या आजही म्हणतात. मी आजही ऐकून घेत नाही.