भोंगा कुठं बंद करायचा

निवडणूक संपली की आमच्याकडे कुठलीच गोष्ट वाया जात नाही. फ्लेक्सचे बोर्ड पेंढ्यावर झाकायला जातात, झेंड्यांच्या काठ्या काकडीच्या वेलाला लागतात, उरलेल्या टोप्या भात झोडताना डोक्यावर येतात. आणि किस्से? ते सगळे किन्हवलीतल्या माझ्या साउंड सर्व्हिसच्या दुकानात येऊन साचतात. कोण कधी आमदार झाला, कोणाचं डिपॉझिट गेलं, यावरून दुकानात दर वेळी भांडण जुंपतं. आणि मिटतं ते एकाच वाक्यावर, "अरे, तीच रे ती निवडणूक, ज्यात मामा तसं बोलले होते!" शहापूर आणि मुरबाड, दोन मतदारसंघांचा इतिहास आम्ही असाच लक्षात ठेवलाय. आमदारांच्या नावानं नाही, मामांच्या बोलण्यानं!

मामा म्हणजे गोविंदमामा. धंदा शिंप्याचा, पण निवडणूक लागली की अनाउन्सर. जीप आणि भोंगा माझा, अ‍ॅम्प्लिफायरवर हरी, ज्याला सगळे मशीनवाला म्हणतात, आणि माइकवर मामा. असा आमचा संच होता. गेल्या निवडणुकीच्या आधी मामांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि त्यांचा आवाज गेला. कायमचा. ज्याच्या आवाजावर दोन तालुके मान वर करायचे, तो माणूस आता पाणी हवं असलं तरी हात करतो. मला हे अजून पचलेलं नाही, म्हणून आधीच सांगून टाकतो. आता हसायला मोकळे.

*

मामा माइकवर आले ते अपघातानं. विधानसभा आमच्याकडे बहुतेक येते ऐन भातकापणीत. घरात माणूस नाही, सगळे शेतात वाकलेले. त्या वर्षी आमच्या उमेदवारानं खास कल्याणहून अनाउन्सर आणला होता. "सुज्ञ मतदार बंधू आणि भगिनींनो" करून करून त्याचा घसा बसला, पण एक विळा थांबेल तर शपथ!

जीप मामांच्या दुकानासमोर उभी होती. मामा शिवणकाम सोडून नुसतेच बघायला आले. सुई टोचू नये म्हणून शिंपी बोटात घालतात ते पितळी अंगुस्तान तसंच बोटात. त्यांनी माइक हातात घेतला, चालू आहे का बघायला त्यावर अंगुस्तान वाजवलं. टक, टक, टक! आणि समोरच्या शेताकडे बघून म्हणाले, "गो यमुनाक्का, कंबर धरल गो! जरा उभी रहा. आता उभी राहिलीसच, तर हिकडं बघ!"

यमुनाक्का उभी राहिली. तिच्या शेजारची राहिली. मग मामांनी एकेकाचं नाव घेत, कुणाच्या पोराची, कुणाच्या म्हशीची विचारपूस करत अख्खं शेत उभं केलं. उमेदवार कासावीस झाला. "अहो, माझं नाव कधी घेणार?"

"आदी त्यांची घेऊ द्या. मंग तुमचं ऐकतील!"

कल्याणचा अनाउन्सर त्याच संध्याकाळी एसटीनं परत गेला. मामांच्या बोटातलं अंगुस्तान मात्र माइकला चिकटलं ते चिकटलंच. पुढं पुढं तर 'टक टक टक' झालं की पोरं ओरडायची, "मामा आला!"

*

आमची जीप भाड्यानं जाणारी, त्यामुळे बांधिलकी फक्त वेळेशी. एका वर्षी सकाळी एका अपक्षाचं बुकिंग, संध्याकाळी दुसऱ्याचं. एकाची निशाणी बादली, दुसऱ्याची कपबशी. सकाळी एका गावात मामांनी बादलीचं असं काही वर्णन केलं की मलाच एक विकत घ्यावीशी वाटली. संध्याकाळी त्याच गावात, त्याच पारापाशी, तोच आवाज आणि कपबशी!

पारावरचा म्हातारा काठी टेकत जीपजवळ आला. "गोविंदा, लाज वाटती का रं? सकाळी बादली सांगितलीस, आता कपबशी?"

माइक चालू होता. मामा शांतपणे म्हणाले, "काका, सकाळी आंघोळ, संध्याकाळी चा. आता यातलं काय सोडायचं ते तुमी ठरवा!"

म्हातारा हसत हसत माघारी गेला. मतदानादिवशी मात्र तो केंद्राबाहेर सगळ्यांना सांगत होता, "मी चा सोडला!"

*

मामांचा एक नियम होता. ज्या घरात माणूस गेलंय, त्या घरासमोर भोंगा बंद. नुसता आवाज कमी नाही, मशीनच बंद. जीप दोनशे पावलं मुकी चालायची आणि मगच पुन्हा टक टक टक.

एकदा एक नवाकोरा उमेदवार आमच्याबरोबर जीपमध्ये होता. पैशानं मोठा, उत्साहानं त्याहून मोठा. ज्या आळीवर त्याची सगळी भिस्त, नेमकी तिथं एका ओटीवर डोकी भादरलेली माणसं बसलेली दिसली. मामांनी हरीला हात केला. भोंगा बंद!

उमेदवार उसळला. "बंद काय करता? त्या एका घरात सहा मतं आहेत माझी!"

मामा म्हणाले, "साहेब, परवा सात होती. म्हनूनच बंद केला."

गडी आपणहून खाली उतरला, चपला काढून ओटीवर जाऊन बसला. मामांनी मागून जाऊन त्याच्या छातीवरचा बिल्ला तेवढा काढून घेतला. म्हणाले, "हितं तुमी उमेदवार नाय, पावनं."

तो निवडून आला की पडला, विचारू नका, त्यावरून दुकानात आजही मारामारी होईल. पण ही गोष्ट फिरली. समोरच्या पार्टीचे अनाउन्सरही तसंच करायला लागले. आज दोन्ही तालुक्यांत कुठल्याही रंगाची जीप असो, अशा दारासमोर भोंगा बंद होतो. कायदा कुणी केला नाही, आयोगाचं पत्रक नाही. एका शिंप्यानं केलं आणि सगळ्यांनी पाळलं. मला विचाराल तर आमच्या मतदारसंघात झालेलं सगळ्यात टिकाऊ काम हेच!

*

मग वाशिंद वाढलं. टॉवर आले, टॉवरला गेट आलं, गेटला वॉचमन आला. नोकरीवाली माणसं, सुट्टीच्या दिवशी दुपारी झोपलेली. वॉचमननं जीप अडवली. "सोसायटीत लाउडस्पीकर अलाउड नाही."

"बरं," म्हणून मामा खाली उतरले, दोन इमारतींच्या मध्ये जाऊन उभे राहिले आणि नुसत्या तोंडानं सुरू झाले. "अवो तिसऱ्या मजल्यावरच्या ताई, तुमचं पानी येतंय का टायमावर?"

एकेक खिडकी उघडायला लागली. पाचव्या मजल्यावरून एक बाई ओरडली, "अहो, आधी तो लाउडस्पीकर बंद करा!"

मामांनी दोन्ही रिकामे हात वर करून दाखवले. "बंदच हाय, ताई!"

ती बाई खाली आली. तिच्यामागून आणखी दहाबारा आल्या. पाण्याचा विषय निघाला आणि उमेदवाराची अशी काही उलटतपासणी झाली की घामानं त्याचा सदरा पाठीला चिकटला. जीपमध्ये बसताना तो म्हणाला, "मामा, झोपले होते तेच बरं होतं हो!"

*

सिद्धगडाकडच्या एका वाडीवर जीप जायची नाही. रस्ताच नव्हता. हरी म्हणाला, भोंग्याचं तोंड डोंगराकडे करू, वर ऐकू जाईल. मामा म्हणाले, "मत मागायचं आनि खालून? त्यांनी काय वरून टाकायचं का?" आणि चालायला लागले. उमेदवार जीपमध्येच बसला, कडक इस्त्रीत.

वर एका आजीनं मामांना पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तू आवाज हायस. मानूस कुटं हाय?"

मामा खाली आले आणि उमेदवाराला म्हणाले, "साहेब, वर तुमची वाट बघतायत. भाषनाची तयारी करून चला."

बिचारा रस्ताभर भाषण घोकत चढला. अर्ध्या वाटेवर एका दगडावर बसला, तो बराच वेळ उठेना. मामांनी हाताला धरून वर नेला. वाडीत पोचला तेव्हा तोंडातून शब्द फुटत नव्हता, नुसता हात जोडून धापा टाकत बसून राहिला. आजीनं त्याला निरखून पाहिलं आणि जाहीर केलं, "आजवर आले ते बोलून गेले. हा पयला, जो गप बसला. ह्याला देऊ."

तो निवडून आला. रस्ताही केला बरं का! कुठपर्यंत? त्या दगडापर्यंत.

*

एकदा मामा स्वतःच उभे राहिले! शहापूरची जागा आदिवासींसाठी राखीव, म्हणून पोरांनी हट्टानं त्यांना मुरबाडातून अर्ज भरायला लावला. अपक्ष. निशाणी मिळाली, शिलाई मशीन. आम्ही खूश. जीप सजवली, भोंगा पुसला आणि मामांना आणायला गेलो तर मामा म्हणाले, "माझा प्रचार कसा जमंल? मी दुसऱ्याला शब्द दिलाय."

खरंच दिला होता! अर्ज भरायच्या आधीच एका उमेदवाराचं बुकिंग घेतलं होतं. मग काय, शेवटच्या दिवसापर्यंत मामा मुरबाडात गावोगाव आपल्याच प्रतिस्पर्ध्याचं नाव घेत फिरले. तेही मनापासून. लोक विचारायचे, "मामा, तुमीपन उभे हायत ना?"

"हाय ना. पन हा मानूस बरा हाय!"

त्यात आणखी गंमत म्हणजे मामांचं नाव किन्हवलीच्या यादीत, म्हणजे शहापुरात. स्वतःला मत देण्याचीही सोय नाही. पार्वतीमामी, म्हणजे मामांची बायको, मतदान करून आली आणि आमच्यासमोरच म्हणाली, "देवाची कृपा. नायतर माजी पंचाईत झाली असती!"

मामा पडले, हे सांगायला नको. ज्याचा प्रचार केला तोही पडला. दुसऱ्या दिवशी तो मामांना भेटायला आला आणि दोघंही दुकानात बसून एकमेकांचं सांत्वन करत होते. अशी निवडणूक मी पुन्हा पाहिली नाही.

*

आणि आता ही गेल्या वेळची.

मामांशिवाय पहिलीच निवडणूक. सगळ्या पार्ट्यांनी मुंबईहून रेकॉर्डिंग करून आणलेलं. पेनड्राइव्ह लावायचा आणि जीप सोडायची. तोच आवाज, तेच गाणं, प्रत्येक गावात अगदी तसंच. हरी मशीनपाशी तोंड पाडून बसायचा. मी गाडी हाकायचो. मामांकडे जायचं मात्र आम्ही दोघंही टाळत होतो. जाऊन बोलणार काय? आणि ते काय बोलणार?

प्रचाराचा शेवटचा दिवस. दुपारची वेळ, सगळ्या पार्ट्यांच्या जीपा एकामागून एक किन्हवलीत शिरलेल्या. सगळ्यांत पुढं आमची. मामांचं घर रस्त्यालाच, समोर शेत, शेतात कापणी चाललेली. घर जवळ आलं तसं हरीनं मला न विचारता मशीन बंद केलं. मी आरशात पाहिलं. मागच्या जीपनंही बंद केलं. त्याच्या मागच्यानंही. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. एवढी ओळ, सगळे रंग, आणि सगळ्या मुक्या. मला वाटलं, मामांना याहून मोठा मान कोण देणार?

तेवढ्यात मामा घरातून धावत बाहेर आले. आधी शेजारच्या ओटीकडे पाहिलं. मग पलीकडच्या. मग मागं वळून पार्वतीमामी नीट आहे ना ते पाहिलं. ती हातात डाव घेऊन दारात उभी होती. मग त्यांनी आमची ओळ पाहिली, आमची खाली घातलेली तोंडं पाहिली आणि त्यांच्या ध्यानात आलं.

मामांना एवढं चिडलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं! ते सरळ जीपसमोर येऊन उभे राहिले आणि जोरजोरात हातवारे करायला लागले. मामी त्यांच्यामागून रस्त्यावर येत ओरडली, "ते इचारतायत, मेलं कोन?"

हरी माझ्याकडे बघायला लागला.

मामा जीपवर चढले. पेनड्राइव्ह उपटून हरीच्या मांडीवर टाकला. मशीन चालू केलं, माइक घेतला. बोटात अंगुस्तान होतंच.

टक, टक, टक!

समोरच्या शेतातले विळे थांबले. यमुनाक्का आता चांगली म्हातारी झालीये, पण कमरेवर हात ठेवून ती उभी राहिली आणि तिथूनच ओरडली, "आला रं गोविंदा! बोल, आज कुनाचा परचार?"

मामांनी माइक तोंडाशी नेला. तसाच धरला. सगळं शेत त्यांच्याकडे बघत होतं, मागच्या जीपांतली माणसं उतरून रस्त्यावर आली होती. मामांनी एकदा आमच्या सगळ्या झेंड्यांवरून नजर फिरवली, खाली वाकले आणि माइक मामीच्या पुढं केला.

मामीनं आयुष्यात कधी माइक धरला नव्हता. तिनं डाव दुसऱ्या हातात घेतला, डोक्यावर पदर सारखा केला, मामांकडे पाहिलं आणि भोंग्यातून तिचा आवाज पार शेताच्या टोकापर्यंत गेला.

"आज कुनाचा नाय. ते हायत, येवडंच सांगायला आलेत! आता वाजवा सगळे, आनि पुडं व्हा, माजा भात करपतोय!"