हुकावरची खुर्ची

माझे सासरे लोखंडी खुर्च्यांना रंग देतात. ओला नव्हे, कोरडा. बंदुकीतून विजेचा भार घेतलेली पावडर उडते, हुकाला टांगलेल्या खुर्चीला चिकटते आणि भट्टीत वितळून पक्की होते. तोवर तिला धरून ठेवते ती फक्त वीज. मी शाळेत शिकवतेच की : अणूतल्या दोन कणांमधली विजेची ओढ गुरुत्वाकर्षणाच्या इतक्या पट, की एकावर एकोणचाळीस शून्यं द्यावी लागतात. पण माझं ज्ञान फळ्यापुरतं. सासरे मला चेष्टेनं "बाई" म्हणतात, ते उगाच नाही.

गेल्या महिन्यात त्यांच्या खुर्च्यांवरची पावडर गळायला लागली. त्यांनी पावडरीला दोष दिला, तर सुपरवायझर म्हणाला, "नाचता येईना अंगण वाकडं! मामा, हात थकले तुमचे. सोमवारपासून पॅकिंगला बसा." मला असा संताप आला! उभा जन्म त्या बंदुकीमागे गेला त्यांचा. ते मात्र घरी चहाचा कप धरून आपला हात थरथरतो का, तेच बघत बसायचे.

शनिवारी डब्याचं निमित्त काढून मी कारखान्यात गेले.

"बाबा, पावडर तीच, बंदूक तीच. मग बदललं काय?"

"काही नाही गं. तुझी सासू पडल्यापासून भोंगा झाला की घरी पळतो, एवढंच."

"आधी थांबून काय करायचात?"

"काम असं काही नाही. हुक खरवडायचो. त्यांच्यावरही रंग चढतो ना. बघवत नाही म्हणून."

मी वर पाहिलं. हुकांवर रंगाचे थरावर थर. खुर्चीतून जमिनीपर्यंत विजेची वाट त्या हुकातूनच, आणि तीच बुजलेली. वीज अडली की पावडर धरत नाही. मग पृथ्वी आपलं खाली ओढायचं काम चोख करते. मी समजावलं. त्यांनी मान हलवली, पण पटलं नव्हतं.

त्यांनी कानशीनं एक हुक लख्ख केला, खुर्ची टांगली, बंदूक उचलली. पावडर अशी बसली, की बघायला आलेल्या सुपरवायझरनं मान वर करून हुकच न्याहाळला.

"हुक खरवडणं कुणाचं काम होतं, मामा?"

"कुणाचंच नव्हतं."

"सोमवारी इथंच या," तो पुटपुटला आणि सटकला.

सासऱ्यांनी बंदूक ठेवली आणि दोन्ही तळहात माझ्यापुढे धरले.

"बाई, म्हणजे हात ठीक आहेत ना माझे?"

अख्ख्या वर्गापुढे घडाघडा बोलणारी मी, नुसती मान डोलावली.