मिठात उभी पहार

उद्यमनगरात आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, हीट ट्रीटमेंटचं शॉप होतं. ऑइल इंजिनच्या पिना, गिअर, लेथवरची टूल्स असलं सामान लोक त्यांच्याकडे टणक करून घ्यायला आणत. शॉपच्या मधोमध विजेवर तापणारं एक खोल पोलादी भांडं होतं. त्याला सगळे पॉट म्हणत. पॉटमध्ये मीठ असायचं, जेवणातलं नव्हे, दोन-तीन क्षारांचं मिश्रण, तापून लालभडक आणि पाण्यासारखं पातळ झालेलं. पिन तारेला बांधून त्यात सोडायची, ठरल्या वेळी काढायची आणि तेलात विझवायची. ओला जॉब, म्हणजे टणक करायची वस्तू, पॉटमध्ये सोडायचा नाही, हा तिथला पहिला नियम. पाण्याचा थेंब आत गेला तर मीठ उसळून अंगावर येतं. आप्पांच्या उजव्या हातावर या नियमाचा डाग होता.

मी फिजिक्स शिकले आणि नव्वदच्या दशकात एका कॉलेजात शिकवायला लागले. त्याच सुमारास थोरियमच्या नादी लागले. नातेवाईक मला लग्नाचं विचारायचे, मी त्यांना थोरियमचं सांगायचे. केरळच्या किनाऱ्यावरच्या वाळूत थोरियम पडून आहे, लग्नाच्या वरातीत जळणाऱ्या पेट्रोमॅक्सच्या मँटलमध्येही तेच असतं, आणि ते वितळलेल्या मिठात विरघळवून रिॲक्टर चालवता येतो, असं माझं आख्यान सुरू व्हायचं. मीठच इंधन वाहतं, मीठच उष्णता वाहतं. आत वाफेसारखा दाब नसतो, म्हणून जाडजूड भिंती लागत नाहीत. रिॲक्टर बंद न करता इंधन घालता येतं. वीज तर मिळेलच, वर उरलेल्या उष्णतेवर बिद्रीसारख्या ठिकाणचा साखर कारखाना उसाचा रस आटवू शकेल. ऐकणारा तोवर चहाचा कप ठेवून उठलेला असायचा.

एकदा मात्र ऐकणारे मिळाले. वर्कशॉपवाल्यांच्या एका मंडळाने मला व्याख्यानाला बोलावलं. आप्पा इस्त्रीची पांढरी टोपी घालून पहिल्या रांगेत बसले होते. मी फळ्यावर खर्चाचा हिशेब मांडला. कोळसा किती लागतो, थोरियम किती थोडं लागतं, म्हणून वीज किती स्वस्त. मग शेवटचा हुकमी एक्का काढला. रिॲक्टरच्या तळाच्या नळीत गोठलेल्या मिठाचं एक बूच असतं, पंख्याने थंड ठेवलेलं. वीज गेली की पंखा थांबतो, बूच वितळतं आणि सगळं मीठ आपोआप खालच्या टाकीत जाऊन पडतं. तिथे अणूंची क्रिया थांबते. माणसाला बोटसुद्धा हलवावं लागत नाही.

प्रश्न विचारा म्हटल्यावर आप्पा उभे राहिले. बाकीचे मला मॅडम म्हणत होते, म्हणून त्यांनीही म्हटलं.

"मॅडम, मीठ टाकीत पडलं, गोठलं. ब्येस झालं. वीज परत आल्यावर ते वितळवायचं कसं?"

"हीटर असतात," मी म्हणाले.

"हीटर आमच्याकडं बी हायत की. मी इचारतोय..."

मला त्यांचं वाक्य पुरं होऊ द्यायचं नव्हतं. माझं व्याख्यान रंगलं होतं आणि माझे वडील मला सगळ्यांसमोर अडवत होते. मी म्हणाले, "तुमच्या पॉटमध्ये आणि रिॲक्टरमध्ये जरा फरक आहे, आप्पा." सभागृह हसलं. आप्पाही थोडं हसले आणि खाली बसले. घरी आल्यावर आईला म्हणाले, "बरं बोलली." मी ती शाबासकी समजले.

पुढच्या दशकात लोडशेडिंग वाढलं आणि आप्पांचं शॉप टिकतं की जातं अशी वेळ आली. लेथवाल्याची वीज गेली तर तो बिडी ओढत बसतो, वीज आली की पुन्हा कामाला लागतो. मिठाला तसं थांबता येत नाही. ताव उतरला की आतला जॉब कच्चा राहतो, जास्त वेळ गेला की मीठच गोठतं. पुन्हा वितळवण्यात पुढचा अर्धा दिवस जातो. जनरेटर होता, तो दिवे आणि पंपापुरता. पॉट पेलण्याची त्याची ताकद नव्हती.

कॉलेजला सुट्टी असली की मी मदतीला जायचे. म्हणजे स्टुलावर बसायचे. एकदा वीज जाऊन बराच वेळ झाला, तेव्हा आप्पांनी कोपऱ्यातली निमुळती पहार आणली, नीट वाळवून गरम केली, वरच्या आकड्याला साखळीने टांगली आणि पॉटच्या मध्यावर अलगद तळापर्यंत सोडली. मीठ तिच्याभोवती साकळायला लागलं.

"ही कशाला?"

"पॉट खालनं अन् बाजूनं तापतोय. तळाचं मीठ आधी पातळ हुतंय, वरचं झाकण तसंच घट्ट ऱ्हातंय. पातळ झालं की ते फुगतंय. जागा न्हाय गावली की वरचं फोडून भायेर येतंय. गोठल्यावर ही पहार फिरवून काढायची. मग तळापातूर वाट ऱ्हाती."

मी फिजिक्स शिकवत होते आणि हे मला सुचलं नव्हतं. त्या वर्षी पॉटला दोनदा तडे गेले. तापणं, थंड होणं, पुन्हा तापणं, आणि मीठ पोलादाला सतत खातच असतं. दुसऱ्यांदा तडकलेला पॉट उतरवताना आप्पा म्हणाले, "मीठ स्वस्त हाय गं. भांडं म्हाग." माझ्या फळ्यावरच्या हिशेबात इंधनाच्या दहा ओळी होत्या. भांड्याची एक होती, 'योग्य मिश्रधातूचे पात्र'. ते किती वर्षं टिकणार, बदलायचं कसं, किरणोत्सर्गी झालेल्या भांड्याजवळ जाणार कोण, यातलं मी काहीच मांडलं नव्हतं. मी उलट्या बाजूने हिशेब करत होते, हे मला त्या दिवशी कळलं. आप्पांना मी तसं सांगितलं नाही. मला लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा ताठा जास्त होता.

गिऱ्हाईक एकेक करून तुटलं. कच्चे जॉब परत यायला लागले. लोक गॅसच्या भट्टीवाल्यांकडे गेले, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. शेवटी आप्पांनी शॉप बंद करायचं ठरवलं. पॉट एका भंगारवाल्याने घ्यायचं कबूल केलं.

शेवटच्या दिवशी सकाळी आप्पांनी स्विच खाली ओढला. वीज होती, त्यांनीच बंद केली. मग कोपऱ्यात गेले आणि पहार घेऊन आले.

"आप्पा, आता कशाला? हा उद्या भंगारात जाणार."

"ती साखळी हिकडं कर."

मी साखळी दिली. पहार मिठात उभी राहिली. दिवसभर आम्ही हत्यारं पोत्यात भरली, भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, डबा खाल्ला. संध्याकाळी आप्पांनी पहार दोन्ही हातांनी फिरवून मोकळी केली आणि वर ओढली. बॅटरी लावून भोकात पाहिलं. वाट तळापर्यंत गेली होती.

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुमच्या त्या रिॲक्टरच्या टाकीत पहार कोण लावतंय? त्या दिवशी ह्येच इचारायचं हुतं."

मी म्हणाले, "मला माहीत नाही, आप्पा."

"मग तवाच सांगायचं की," ते म्हणाले आणि पहार पुसायला लागले.