लतिका आजगावकरच्या सात जणी

परळच्या एका मोठ्या इस्पितळाच्या तळमजल्यावर जुन्या केसपेपरांची खोली आहे. लतिका आजगावकर तिथे बावीस वर्षं काम करते. पंधरा वर्षांपूर्वीच्या ऑपरेशनचा कागद कुणी मागायला आलं, तर चहा निवायच्या आत ती तो काढून टेबलावर ठेवते, आणि वर मागणाऱ्याला दोन शब्द सुनावते ते वेगळंच. डॉक्टरसुद्धा तिच्याशी जरा जपूनच बोलतात. साडेचारला सही करून ती बाहेर पडते, पिशवीतले बूट पायांत चढवते आणि पाचच्या ठोक्याला उदय क्रीडा मंडळासमोरच्या पालिकेच्या मैदानात तिची शिट्टी वाजते. चौदा वर्षं हे असंच चाललंय.

मंडळ मूळचं कबड्डीचं, गिरणीतल्या लोकांनी काढलेलं. मुलींच्या फुटबॉलचं खूळ लतिकाचं. तरुणपणी ती राज्याकडून दोनदा खेळली होती, डाव्या बाजूची बचावपटू म्हणून, आणि त्याबद्दल कुणी विचारलं तर विषय बदलायची. पहिल्या वर्षी चार पोरी आल्या, तेव्हा कठड्यावर बसलेल्या रिकामटेकड्यांनी भरपूर करमणूक करून घेतली. लतिकाने त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. या वर्षी पंधरा वर्षांखालच्या तिच्या संघात चौदा जणी होत्या. त्यांतली भाविका वरळी कोळीवाड्यातून यायची. नऊ वर्षांची असताना आली तेव्हा सगळं उजव्या पायाने करायची. लतिकाने महिनाभर तिला उजवा पाय बॉलला लावू दिला नव्हता. पोरगी रडली, पण डावा पाय तयार झाला.

लतिकाचा धाक असा की पोरी तिच्याशी खोटं बोलत नसत. फक्त काही गोष्टी सांगतच नसत. हा धाकाचा तोटा तिच्या कधी ध्यानात आला नव्हता.

नोव्हेंबरातल्या एका सोमवारी पाच वाजता शिट्टी वाजली आणि मैदानात पाच जणी उभ्या होत्या. लतिकाला वाटलं, शाळेत काही कार्यक्रम असेल. गोलकीपर मनवा खाली बघत बुटाच्या नाडीशी खेळत राहिली, आणि शेवटी तिनेच सांगितलं. बाकीच्या नऊ जणी, भाविकासकट, एका मोठ्या क्लबच्या निळ्या बसने गेल्या होत्या. बस थेट दाराशी येते, किट नवं देतात, खेळून झालं की उकडलेली अंडी आणि केळी देतात. शनिवारी निवड झाली, आजपासून सराव सुरू.

या मोठ्या क्लबचं नाव इथे घेत नाही, त्यांच्या जाहिराती शहरभर लागलेल्याच आहेत. त्यांना यंदा नियमाने मुलींचा संघ दाखवणं भाग होतं. आता मुलींचा संघ उभा करायचा म्हणजे चार-पाच वर्षं उन्हात उभं राहावं लागतं, आयांच्या विनवण्या कराव्या लागतात, पोरींचे रुसवे काढावे लागतात. एवढा वेळ कुणाला आहे? त्यापेक्षा छोट्या मैदानांवर दोन माणसं पाठवली की आयतं ताट वाढून मिळतं. पोरींचा यात काय दोष? तेराव्या वर्षी दाराशी बस उभी राहिली तर कोण बसणार नाही? लतिकालाही हे कळत होतं. पण एकीनेही जाताना तिला सांगितलं नाही, हे तिला फार लागलं. त्या संध्याकाळी तिने पाच जणींकडून पुरा दीड तास सराव करून घेतला आणि घरी जाऊन न जेवता झोपली.

दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती फुटबॉल संघटनेच्या कचेरीत गेली. जुन्या क्लबच्या परवानगीशिवाय खेळाडू दुसरीकडे जाऊ शकत नाही, हा नियम तिला पाठ होता. तिथल्या मुलीने संगणकावर बघितलं, पुन्हा बघितलं आणि अवघडून म्हणाली, "ताई, तुमच्या मंडळाच्या नावावर तीनच मुली आहेत. या नऊ जणी यंदा कागदावर तुमच्या नव्हत्याच."

मंडळाची रीतच होती ती. आधी खेळा, कागद मागाहून. लीग तोंडावर आली की शेवटच्या आठवड्यात धावपळ करून नावं चढवायची, आणि लीग संपली की पुढच्या वर्षी नूतनीकरण करायला कुणाला आठवण नाही. पोरींच्या जन्मदाखल्यांच्या झेरॉक्स एका प्लास्टिकच्या पिशवीत मंडळाच्या माळ्यावर पडून होत्या. दुसऱ्यांचे कागद बावीस वर्षं डोळ्यांत तेल घालून जपणारी बाई, आणि स्वतःच्या पोरींचे कागद माळ्यावर! मोठ्या क्लबने त्याच नऊ नावांचं काम एका दुपारीत उरकलं होतं. लतिकाने चूक कुणाच्या माथी मारली नाही. तिची होती, तिने घेतली.

कचेरीतून निघताना तिने दुसरी गोष्टही विचारून घेतली. पहिला सामना बारा दिवसांनी होता आणि तो नेमका त्या मोठ्या क्लबशीच होता. मैदानात किमान सात जणी असल्याशिवाय पंच सामना सुरूच करत नाहीत. पहिल्याच सामन्यात वॉकओव्हर दिला की त्या वर्षापुरतं लीगमधून नाव बाद. आणि लीगमध्ये संघ नाही म्हटल्यावर पालिकेकडून मिळालेली पाच ते सातची मैदानाची वेळ जाणार, कारण त्या वेळेवर एका खासगी क्रिकेट कोचिंगवाल्याचा डोळा होताच. एकदा गेलेली वेळ परत मिळत नाही. म्हणजे बारा दिवसांत सात पोरी, कागदासकट. नाहीतर चौदा वर्षांवर पाणी.

मंडळाचे सेक्रेटरी रघुवीर परब म्हणजे सगळ्यांचे रघुवीरदादा. सत्तरी ओलांडलेला माणूस, तोंडात मालवणी. त्यांचं म्हणणं पडलं की लतिकाने त्या नऊ जणींच्या घरी जावं, आईबापांना चार शब्द ऐकवावेत, केलेल्याची आठवण करून द्यावी. लतिका नाही म्हणाली. आठवण करून देऊन आणलेली पोर मैदानात मन लावून खेळत नाही.

रघुवीरदादांनी हट्ट सोडला. मग म्हणाले, "तर मग आधी कागद कर गो बाय. बाकीचा मागसून."

लतिकाने सलग आठ दिवसांची रजा टाकली. बावीस वर्षांत पहिल्यांदाच. साहेबांनी कारण विचारलं, तर तिने लिहिलं, घरगुती. एकदा कागदात शिरल्यावर मात्र तिला कोण अडवणार? शाळांत जाऊन बोनाफाइड काढली, वॉर्ड ऑफिसात खिडकीवरच्या माणसाला नाकी नऊ आणले, उरलेल्या पाचांतल्या दोन नोंदी तीन दिवसांत पुऱ्या केल्या. राहिल्या दोन पोरी, आणि त्या तर मुळात शोधायच्याच होत्या.

एक मिळाली मंडळातच. प्रिती, कबड्डीची. आयुष्यात फुटबॉलला पाय लावलेला नाही, पण अंगावर आलेल्या कुणालाही घाबरायची नाही. दुसरी आरोही. दोन वर्षांपूर्वी ती आठवडाभर येऊन गेली होती. धावण्यात मागे पडायची, पोरी हसल्या, आणि तिने येणं बंद केलं. तेव्हा लतिकाने चौकशीसुद्धा केली नव्हती. आता नायगावला तिच्या दारात उभं राहताना तिला त्याची लाज वाटली, आणि तिने ती सरळ बोलून दाखवली. आरोहीची आई कौसल्या हिला एकच विचारायचं होतं, की या वेळी तरी तिला नीट सांभाळाल ना? लतिकाने हो म्हटलं आणि जन्मदाखला मागितला.

दाखला होता कणकवलीला, आरोहीच्या मामाकडे. पोस्टाने यायला वेळ नव्हता. मामाने तो पाकिटात घालून मुंबईला निघालेल्या रात्रीच्या बसच्या ड्रायव्हरकडे दिला, जसे आपले लोक आंबे नि कुळथाचं पीठ पाठवतात तसा. पहाटे साडेपाचला लतिका परळच्या नाक्यावर बसची वाट बघत उभी. ड्रायव्हरने आधी दोन पोती नारळ उतरवले, एक कोंबडी उतरवली, मग सीटखालून पाकीट काढलं. दुपारी बारा वाजता सातवं नाव संगणकावर चढलं. सामना तीन दिवसांवर होता.

त्याच संध्याकाळी तिला फोन आला. मोठ्या क्लबच्या मुलींच्या विभागाचा प्रमुख, शंतनु नावाचा तिशीतला तरुण. बोलणं एकदम साफ, पुण्याच्या वळणाचं, आणि माणूस वाईट नव्हता. त्याने आधी दिलगिरी व्यक्त केली, कळवायला हवं होतं म्हणाला. तुमच्या मुलींचा पाया इतका पक्का आहे की आमचे परदेशी प्रशिक्षक तुमची चौकशी करत होते, असंही म्हणाला. मग मूळ मुद्द्यावर आला. लतिकाने त्यांच्याकडे सहायक प्रशिक्षक म्हणून यावं. हिरवळीचं मैदान, फिजिओ, तिच्याच नऊ मुली.

लतिकाला मोह झाला. नऊ जणी पुन्हा रोज डोळ्यांसमोर असत्या. मग तिने विचारलं, "आणि माझ्या सात जणी?"

"त्यांची ट्रायल घेऊ ना आपण, ताई."

"त्यांची ट्रायल मी घेतलीय. रविवारी भेटू."

रविवारी सकाळी दादरच्या एका शाळेच्या मैदानावर निळी बस येऊन लागली. तिच्यातून अठरा पोरी उतरल्या, सगळ्या एकसारख्या ट्रॅकसूटमध्ये. त्यांतल्या नऊ जणींनी लतिकाकडे बघायचं टाळलं. इकडे मंडळाच्या सात जणी लाल बनियनवजा जर्सीत ओळीने उभ्या. पंचाने नावं वाचली, चेहरे पडताळले, सात मोजल्या आणि शिट्टी दिली. इतक्या दिवसांनी लतिकाचा जीव भांड्यात पडला. पण अर्धाच. खेळताना एक जरी बाहेर आली तरी सहाच उरणार होत्या, आणि सामना तिथेच थांबवून वॉकओव्हर धरला जाणार होता.

अकरा विरुद्ध सात म्हणजे काय होणार ते सांगायला नको. मनवाने पहिल्या दहा मिनिटांत तीन बॉल अडवले, चौथा गेला. मग आणखी एक. प्रिती कबड्डीच्या सवयीने समोरचीला धरायला जायची आणि ऐन वेळी हात मागे घ्यायची. तिसरा गोल भाविकाने केला. उजवीकडे जाणार असं दाखवून ती आत वळली आणि डाव्या पायाने बॉल कोपऱ्यात असा घातला की मनवा हललीसुद्धा नाही. लतिकाच्या हातांनी नकळत टाळी वाजली. रघुवीरदादांनी रागाने तिच्याकडे बघितलं, पण तिला त्याचं काही वाटलं नाही. इतका सुंदर गोल तिने स्वतः कधी केला नव्हता. भाविकाने मात्र हात वर केले नाहीत, ती मान खाली घालून मधल्या रेषेकडे चालत गेली.

दहा मिनिटं उरली असताना आरोही खाली बसली. लतिका पंचाची खूण मिळताच आत धावली. कठड्यावरून मंडळाची माणसं ओरडत होती, नुसती उभी राहू दे तिला, डोकी सात भरली की झालं. आरोहीही तेच म्हणत होती, ताई, मी गोलपाशी नुसती उभी राहते. लतिकाने तिचा घोटा हातात धरला. गेले बारा दिवस, आठ दिवसांची रजा, पहाटेची बस, पाच ते सातची वेळ, सगळं त्या पायावर येऊन थांबलं होतं.

"घोटा दुखतोय की पोटरी? खरं सांग. दुखत असेल तर आत्ता बाहेर जायचं. मैदान गेलं तर जाऊ दे, मी बघेन काय ते."

आरोहीने तिच्याकडे बघितलं. पोटरी होती, गोळा आला होता. लतिकाने पाय ताणून धरला, पाणी दिलं, दोनदा उठबस करून घेतली, आणि पोरगी आपल्या पायांनी धावू लागल्यावरच स्वतः बाहेर आली. कौसल्या कठड्याशी उभी राहून हे सगळं बघत होती.

शेवटची शिट्टी झाली तेव्हा सहा-शून्य होतं. सातच्या सात मैदानात होत्या. पंचाने कागदावर निकाल लिहिला, लतिकाने सही केली. पराभव, पण वॉकओव्हर नाही. रघुवीरदादांनी तो कागद दोनदा वाचला आणि चष्मा पुसत बसले.

लतिका प्लास्टिकचे कोन गोळा करत असताना भाविका आली. नवा ट्रॅकसूट, नवे बूट, आणि डोळे सुजलेले. न सांगता गेल्याबद्दल तिला माफी मागायची होती, पण ते राहिलंच. ती एवढंच म्हणाली, "ताई, मला परत यायचंय."

हे ऐकायची इच्छा लतिकाने गेले बारा दिवस मनात दाबून ठेवली होती. ती एका हाताने कोन एकात एक बसवत राहिली.

"यंदा नाही. तुझं नाव तिकडे लागलंय, आणि ते तुला जे शिकवतील ते माझ्याकडे नाही. सगळं शिकून घे. पण एक लक्षात ठेव. वर्ष संपलं की ते लोक यादी लावतात. यादीत नाव नसलेल्या पोरी लाजेने घरी बसतात आणि फुटबॉल सोडतात, मी पाहिल्यात. तुझं नाव नसलं तर त्याच संध्याकाळी पाच वाजता मैदानावर यायचं. दुसऱ्या दिवशी नाही, त्याच दिवशी. रडायचं असेल तर तिथे येऊन रड."

भाविकाने मान हलवली. बसचा हॉर्न वाजत होता. तरी ती हलेना. "आणि नाव असलं तर?"

"तर पुढच्या मोसमात तुला अडवायला मी अकरा जणी आणणार," लतिका म्हणाली. "उद्यापासून लागतेय त्या कामाला. जा आता, बस सुटेल."