ओठांचा वर्ग

मला क्षय झाला होता, पण आमच्या घरात तो शब्द कुणी काढत नसे. शेजारीपाजारी टायफॉइड म्हणून सांगितलेलं. टायफॉइड इतके महिने कसा रेंगाळला, असं एखादी बाई विचारायची, तेव्हा आई म्हणायची, "उलटला." मी आठ-नऊ वर्षांची असेन. मुलुंडला आमचं दोन खोल्यांचं, पुढे गॅलरी असलेलं भाड्याचं घर होतं आणि त्यात आई, माझे वडील, त्यांचे वडील आणि मी, अशी चार माणसं. वडिलांना मी अण्णा म्हणे. ते मुंबईत कचेरीत होते. मुलुंडहून बोरीबंदरला जाण्याला आम्ही त्या काळी मुंबईला जाणं म्हणत असू.

नवीन निघालेली इंजेक्शनं टोचून घेत मी त्या दुखण्यातून उठले. अण्णा ती मुंबईहून डब्याच्या पिशवीत जपून आणायचे आणि पिशवीला कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. शेवटी डॉक्टर म्हणाले, पोरगी वाचली, पण वर्षभर शाळेचं नाव काढू नका. मी भोकाड पसरलं. मला शाळा फार आवडायची. अभ्यासाकरता नव्हे, खोटं कशाला बोलू. मधल्या सुट्टीत आम्ही मुली सागरगोटे खेळायचो त्याकरता. अण्णांनी माझं दप्तर खुंटीला अडकवलं आणि म्हणाले, "वर्षभर मी शिकवतो तुला. पुढच्या जूनला जायचं शाळेत, सगळ्यांबरोबर." तेव्हापासून मी त्या जूनवर डोळे लावून बसले.

घरातली शाळा अशी सुरू झाली. सकाळी कचेरीला जाण्याआधी अण्णा शुद्धलेखन घालायचे आणि दुपारी आई पाढे घ्यायची. आईची शाळा स्वयंपाकघरात. ती तांदूळ निवडत समोर बसायची, मी पाट घेऊन तिच्या पुढ्यात. "तेरा सत्ते?" म्हणून ती मान वर करायची आणि मी धाडकन सांगायची. आई खूश, मी खूश.

अण्णांची शाळा फिरती होती. पुस्तक हातात घेऊन ते खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येरझाऱ्या घालत शब्द सांगायचे. अण्णांना भरघोस मिशी होती, वरच्या ओठावरून खाली आलेली, चहा प्यायल्यावर रुमालानं पुसावी लागे अशी. ते काहीतरी म्हणताहेत एवढं मला कळे. काय म्हणताहेत ते कळत नसे. मी अंदाजानं लिहायची. ते पाटी बघायचे आणि त्यांचा पारा चढायचा.

"हे काय लिहिलंयस? मी काय सांगितलं, तू काय लिहिलंस? लक्ष कुठंय तुझं?"

एवढं मात्र मला कळायचं, कारण हे ते माझ्यावर ओणवे होऊन ओरडायचे.

आईशी हुशार आणि बापाशी दगड, असं मूल त्यांनी पाहिलेलं नव्हतं. त्यावरून घरात रोज ठिणग्या. आईचं म्हणणं, तुम्ही वसकन तिच्या अंगावर जाता, पोर घाबरते. अण्णांचं म्हणणं, तू पाढ्यांची उत्तरं तिला आधीच सांगत असशील. आजोबांचं निदान सगळ्यांत सोपं होतं. "दुखण्यात लाडावून ठेवलीत. पाठीत एक धपाटा घाल, बघ कशी लिहिते."

धपाटे घातले गेले. लिहिणं सुधारलं नाही.

मला स्वतःला काय वाटत होतं, असं पुढे आईनं मला कितीदा विचारलं. मला वाटत होतं, मी आजारी आहे म्हणून सगळे हळू बोलतात. खरंच तेव्हा घरात सगळे हळूच बोलायचे. दार लोटतानासुद्धा आई हात मध्ये घालायची. मी बिछान्यावर पडल्या पडल्या ऐकायची तर घर दिवसेंदिवस अधिकच शांत होत चाललेलं. मिठागरांच्या बाजूनं जाणाऱ्या मालगाडीची शिट्टी येईनाशी झाली, तेव्हा मला वाटलं, गाडी बंद केली असेल. स्टोव्हचा आवाज थांबला, तर वाटलं, आईनं नवा आणला. इतकी माणसं माझ्यासाठी इतकं जपताहेत याचं मला कौतुकच वाटायचं.

एका रविवारी आईनं ठरवलं की आज आपण शुद्धलेखन घालायचं आणि पोर मठ्ठ नाही हे दाखवून द्यायचं. ती समोर बसली. अण्णा खुर्चीत. आई तिच्या रोजच्या व्यवहारातले शब्द सांगत गेली आणि मी भराभर लिहीत गेले. भाकरी, तूप, वांगं. आईनं विजयी मुद्रेनं पाटी अण्णांकडे दिली.

अण्णा पाटीकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी आईला विचारलं, "हे मीठ सांगितलंस का पीठ?"

"मीठ."

"हिनं पीठ लिहिलंय. आणि हे?"

"बोट."

"पोट लिहिलंय. बाळाच्या जागी माळ." त्यांनी पाटी खाली ठेवली. "बाकी एक चूक नाही. सगळ्या चुका प, फ, ब, भ, म मधल्या. ओठांच्या वर्गातल्या."

अण्णांचं व्याकरण पक्कं होतं. ही अक्षरं ओठ मिटून म्हणायची आणि बघणाऱ्याला ती सारखीच दिसतात, हे त्यांना त्या क्षणी कळलं असावं. आईला नाही कळलं. तिला ते म्हणाले, "तू हिच्या मागं जाऊन उभी राहा आणि सांग शब्द."

हे सगळं मला आईनं नंतर सांगितलं. मला आठवतं ते एवढंच, की आई उठून गेली. मला वाटलं, झालं शुद्धलेखन. मी पाटी पुसली आणि कोपऱ्यात एक फूल काढायला घेतलं. पाच पाकळ्या काढल्या, देठ काढला, देठाला पान काढलं. मग सहज मागं वळून बघितलं, तर आई भिंतीला टेकून उभी, तोंडात पदराचा बोळा, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. ती माझ्या पाठीशी तोंडाला येईल तो शब्द सांगत होती. शेवटी शेवटी तर माझ्या नावानं हाका मारत होती.

अण्णा माझ्यापुढे येऊन बसले. त्यांनी माझी हनुवटी धरली आणि काहीतरी विचारलं. मला कळलं नाही. पुन्हा विचारलं. मग त्यांनी पाटीवर लिहिलं, आईचं कळतं, माझं का कळत नाही?

मी म्हटलं, "तुमचं तोंडच दिसत नाही, अण्णा. मिशी आहे ना."

मुंबईच्या मोठ्या इस्पितळातल्या कानाच्या डॉक्टरांनी काय सांगितलं, तेही मला नंतरच समजलं. ज्या इंजेक्शनांनी माझी छाती वाचवली, त्यांनीच कानांच्या नसा जाळल्या होत्या. गेलेलं परत येणार नाही आणि उरलंसुरलंही जाईल. यात कुणाची चूक नव्हती. औषध नवं होतं, आणि ते नसतं तर मीच नसते. पण डब्याच्या पिशवीतून ती बाटली जपून कुणी आणली, हे अण्णांना कसं विसरता यावं? इस्पितळातून परत येताना ते सबंध वाटभर माझे कान आपल्या दोन्ही तळव्यांत धरून बसले होते, वाऱ्यानं काही होईल म्हणून. मला तेव्हा त्याचं हसू आलं होतं. आज येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आंघोळीहून बाहेर आले ते मिशी काढून. मी ओळखलंच नाही. ओठाच्या वर पांढरी फटक पट्टी, आणि खाली एक नाजूक, जरासं बाईमाणसासारखं तोंड, जे मी जन्मात पाहिलं नव्हतं.

बाप जिवंत असताना आमच्याकडे मिशी काढत नाहीत. बाप गेल्यावरच काढतात. आजोबा गॅलरीत पेपर वाचत होते. त्यांनी चष्म्यावरून मुलाकडे पाहिलं आणि विचारलं, "मी मेलो का रे?" अण्णांनी कारण सांगून पाहिलं. आजोबा म्हणाले, "पोरीचे कान गेले म्हणून बापाला जाळतोस?" आणि त्यांनी मुलाशी बोलणं टाकलं. चहा हवा असला तरी आईच्या मार्फत निरोप. वर शेजारचे गृहस्थ खांद्यावर पंचा टाकून घाईघाईनं आले, आजोबांना पेपर वाचताना बघून दारातच थिजले, आणि "सहज आलो होतो" म्हणत परत गेले. कचेरीत तर अण्णांच्या टेबलाशी एकेक जण येऊन विचारत होता, कधी गेले, कशानं गेले. आईनं हे मला सांगताना आम्ही दोघी हसलोय. आणि पुढे काही वर्षांनी आजोबा खरोखरच गेले, तेव्हा न्हावी अण्णांच्या ओठापर्यंत आला आणि हात तसाच धरून थांबला. बापासाठी उतरवायला मिशी उरलीच नव्हती. त्या दिवशी अण्णा जसे रडले, तसं रडताना मी त्यांना कधी पाहिलेलं नाही.

मिशी गेल्यावर आमची शाळा मात्र छान चालली. येरझाऱ्या बंद झाल्या. अण्णा खिडकीकडे तोंड करून बसत, म्हणजे उजेड त्यांच्या तोंडावर पडे, आणि मी समोर. मीठ आणि पीठ वाक्यावरून ओळखायचं, हे मी शिकले. प-ब-म आलं की तिन्ही अक्षरं लावून बघायची, जो शब्द अर्थाला लागेल तो खरा. मला तो खेळच वाटायचा. खुंटीवरचं दप्तर मी अधूनमधून काढून झटकून ठेवायची. जून जवळ आला होता.

शाळा उघडण्याच्या आदल्या आठवड्यात अण्णा हेडमास्तरांना भेटायला गेले. मला नेलं नाही. मी गॅलरीत वाट बघत बसले. ते आले, चपला काढल्या, माझ्या डोक्यावर हात ठेवून आत गेले. आई स्वयंपाकघराच्या दाराशी माझ्याकडे पाठ करून उभी होती. अण्णांचं तोंड माझ्याकडे होतं. दुपारचं लख्ख ऊन त्यांच्यावर पडलेलं. ते हळूच बोलले असतील, दुखण्यातली सवय. पण हळू काय आणि मोठ्यानं काय, मला सारखंच.

"नाही म्हणाले," असं पहिल्यांदा. मग आईनं काही विचारलं असावं. मग ते म्हणाले, "बहिरी मुलगी घेऊन मी वर्गात काय करू, म्हणे." यातल्या बहिरीला मी प लावून पाहिला, म लावून पाहिला. अर्थ फक्त ब लावूनच लागत होता. मग त्यांचे ओठ पुन्हा हलले, "आपण मेल्यावर पोरीचं काय?"

मी पेल्यावर धरून पाहिलं. आपण पेल्यावर. पेल्यावर काय असतं, याचा मी जिवाच्या आकांतानं विचार करत राहिले. नाही लागला अर्थ.

आईनं पदर डोळ्यांना लावला. अण्णा तिला ओलांडून माझ्याकडे आले, माझ्यासमोर उकिडवे बसले, तोंड उजेडाकडे केलं आणि ते नाजूक, नवं तोंड हसरं करून, एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "पुढच्या जूनला जायचं शाळेत. सगळ्यांबरोबर."

हे वाक्य मी वर्षापूर्वी कानांनी ऐकलं होतं. तेव्हा ते खरं होतं.

मी "हो" म्हटलं. ते उठून कपडे बदलायला गेल्यावर मी दप्तर खुंटीवरून काढलं आणि माळ्यावर टाकायला आईच्या हातात दिलं. मग मी पाटी घेऊन अण्णांच्या खुर्चीसमोर जाऊन बसले, कारण सकाळचं शुद्धलेखन राहिलं होतं. एवढंच वाटत होतं, की त्यांनी मिशी पुन्हा वाढवावी.