नांग पुरिंगच्या हातची भवानी

फिलिपीन्समधल्या गिंबाल गावच्या बाजारात कुणाला आपण फार हुशार आहोत असं वाटायला लागलं, तर त्यानं मासळीच्या ओट्यांमागे पत्र्याच्या शेडमध्ये जावं आणि नांग पुरिंगसमोर पाच मिनिटं बसावं. हुशारी आपोआप उतरते. बाई त्रेसष्ट वर्षांची, म्हणून सगळ्यांची 'नांग', म्हणजे थोरली ताई; अंगानं काडी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. समोर एक टेबल आणि त्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कॅल्क्युलेटर, कारण शेजारी मासे धुतले की शिंतोडे उडतात. नगरपालिकेच्या खजिना खात्यात एकतीस वर्षं कारकुनी करून ती निवृत्त झाली आणि घरी बसवेना म्हणून इथे येऊन बसली. बाजारातल्या अठ्ठावीस दुकानदारांच्या वह्या तीच लिहायची, त्यांचे कर भरायची आणि या कामाचे पैसे घेऊन वर त्यांना बोलूनही घ्यायची.

"दुकानाचा डबा वेगळा, घरचा डबा वेगळा," हे तर ती झोपेतही बडबडत असावी. एकदा चपलावाल्यानं दुकानाच्या गल्ल्यातून पोरीच्या वाढदिवसाचा केक आणला, तर तिनं त्याला विचारलं, "तुझी पोरगी चपलांच्या कुठल्या खात्यात टाकू? आत आलेला माल की बाहेर गेलेला?" पैसे नसले की लोक फी म्हणून मासे द्यायचे. ते मासेही ती स्वतःच्या वहीत लिहायची: 'तीन बांगडे, अंदाजे नव्वद पेसो.' आणि त्या नव्वद पेसोंवर खरोखर कर भरायची. बाजारानं तिचं नाव कारलं ठेवलं होतं. तिला ते ठाऊक होतं आणि आवडतं असं ती म्हणायची, पण ते काही खरं नव्हतं.

तिचा सगळ्यांत जाच होता तो पावतीचा. पाच-दहा पेसोंच्या विक्रीची दिवसाची मिळून एक पावती केली तरी कायद्याला चालतं. पुरिंगला चालत नसे. दर विक्रीला पावती, पावतीवर गिऱ्हाइकाचं नाव, मूळ पावती गिऱ्हाइकाला आणि कार्बनची नक्कल पुस्तकात. बायका कुरकुरत पण लिहीत.

त्यातलीच एक लुसिंग गायारेस. बाजाराच्या तोंडाशी तिचं इबोसचं दुकान. माडाच्या कोवळ्या पानात गुंडाळून उकडलेला चिकट भात, वर साखर, सोबत कॉफी. लुसिंग पंचावन्नची, गोल, हसरी आणि नवसासायासांवर भारी विश्वास असलेली. हिशेब मात्र चोख आणायची. दर शनिवारी ती एका कागदावर आठवड्याची बेरीज आणून द्यायची, पुरिंग ती तपासून वहीत उतरवायची आणि पानाखाली झोकात सही करायची. पावतीपुस्तकं तिनं कधी उघडली नाहीत. ती साखरेनं आणि नारळाच्या दुधानं इतकी चिकट असत की हात लावायची इच्छाच होऊ नये.

एप्रिलमध्ये लुसिंगला पत्र आलं. इलोइलो शहरातून कर कचेरीच्या तपासनीस येणार होत्या, गुरुवारी, तीन वर्षांच्या वह्या बघायला. लुसिंगचा चेहरा पडला. पुरिंगचा उजळला.

"येऊ दे की! माझ्या वह्या बघून ती बाई जाताना माझी पायधूळ घेईल," ती म्हणाली. आणि मंगळवारी, केवळ शोभेसाठी टेबलावर नीट रचून ठेवावीत म्हणून, तिनं ओल्या फडक्यानं पावतीपुस्तकं पुसायला घेतली.

एक नंबरची पावती गायब. मग दोन ते चाळीस ठीक. एक्केचाळीस गायब. तिनं तारखा पाहिल्या. रोजची पहिली पावती नक्कलेसकट फाडलेली होती. रोज. तीन वर्षं.

ती तशीच दुकानावर गेली. "लुसिंग, पहिल्या पावत्या कुठायत?"

"कुठल्या पहिल्या?"

"माझ्याशी सोंग करू नकोस. सकाळच्या!"

लुसिंगनं पदर नसल्यामुळे एप्रनलाच हात पुसले, पुन्हा पुसले. "अगं नांग, ती भवानीची पावती. भवानीची पावती गिऱ्हाइकाला दिली तर दिवसाचं नशीब त्याच्याबरोबर चालतं होतं."

"मग नक्कल तरी पुस्तकात ठेवायची!"

"म्हणजे अर्धं नशीब पुस्तकात अडकवून ठेवू?"

"देवा! आणि शनिवारची बेरीज?"

"पुस्तकात जेवढं होतं तेवढंच मिळवलं. खोटं नाही लिहिलं मी."

"अगं बये, फाटलेली पावती म्हणजे लपवलेली विक्री! त्या बाईनं मनात आणलं तर दुकानाला कुलूप लावेल. पुढच्या महिन्यात गावची जत्रा, तुझ्याकडे दोन हजार इबोसची ऑर्डर. काय, कुलपाला भात चारणारेस? कुठायत त्या पावत्या? आण, मोजू."

"आहेत. पण मोजायच्या नसतात. मोजल्या की गेलं सगळं."

"मग मी जन्मभर काय करत आले?" पुरिंग ओरडली. मासेवाल्या ऐकायला थांबल्या, म्हणून तिला आवाज खाली आणावा लागला. पण लुसिंगनं तोंड उघडलं नाही. बुधवारीही नाही.

पुरिंगला दुकानाची काळजी होतीच. पण खरं सांगायचं तर तिला स्वतःच्या सहीची जास्त काळजी होती. एकशेछप्पन्न आठवड्यांची एकशेछप्पन्न पानं, प्रत्येकाखाली तिचं नाव, आणि एकही पान पूर्ण खरं नाही. बाजारात कुणी कुजबुजलं की तिला वाटे, माझ्याबद्दलच बोलतायत.

गुरुवारी तपासनीस मिस हावेलोसा आल्या. पंचविशी ओलांडलेली, पांढरा शर्ट, आवाज मऊ. शेडमध्ये बसून त्यांनी पहिलं पुस्तक उघडलं, पहिल्याच पानावर बोट थांबलं आणि मग पुढची पानं भराभर उलटली.

"या पावत्या कुठे गेल्या?"

लुसिंग भिंतीकडे बघत राहिली. पुरिंगच्या जिभेवर एक शब्द आला: वादळ. गेल्या वर्षीच्या वादळानं निम्म्या गावाचे कागद खरोखर नेले होते, उरलेल्या निम्म्यांनी आपले गहाळ कागद त्याच्या नावावर खपवले होते. एक शब्द आणि सगळे सुटले असते. तिनं तोंड उघडलं, चष्मा काढला, पुसला.

"मॅडम, मला माहीत नाही," ती म्हणाली. "पुस्तकं मी उघडून बघितली नाहीत. वहीखाली सही माझी आहे. चूक लिहायची असेल तर आधी माझी लिहा."

तिचे कान लाल झाले होते. बाजारातल्या कुणीही नांग पुरिंगला असं मान खाली घालून बसलेलं पाहिलं नव्हतं. लुसिंगनं एकदा तिच्याकडे पाहिलं, उठली आणि तरातरा दुकानात गेली. परत आली ती छातीशी बिस्किटांचे चार डबे धरून. बाळ येशूच्या मूर्तीखालून काढलेले.

"घ्या, मोजा," ती म्हणाली आणि डोळे मिटून घेतले. "जायचं ते जाऊ दे. पण हिच्या नावावर काही लिहू नका."

मिस हावेलोसांनी मोजायला सुरुवात केली. पंधरा-वीस पावत्या झाल्यावर त्या थांबल्या, पुढच्या भराभर चाळल्या, दुसरा डबा उघडला.

"एक हजार बारा पावत्या," शेवटी त्या म्हणाल्या. "सगळ्या पंचवीस पेसोंच्या. दोन इबोस, एक कॉफी. आणि सगळ्या एकाच नावाच्या. ही नांग पुरिंग कोण?"



"मी," पुरिंग म्हणाली.

"म्हणजे तीन वर्षं तुम्ही रोज खरेदी केलीत आणि एकदाही पावती मागितली नाहीत?"

साडेपाचला बाजारात यायचं, पहिली कॉफी लुसिंगकडे प्यायची, पंचवीस पेसो ठेवायचे, आणि उठून जगाला पावत्या मागायला शिकवायला जायचं. एवढं साधं तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. तेच दोन इबोस आणि कॉफी इतरांना तीस पेसोंना मिळतात हे मात्र तिला माहीत होतं. आपल्याला पाच पेसो कमी का लावतेस, यावरून तिनं लुसिंगला हजारदा झापलं होतं.

"मीच का?" तिनं लुसिंगला विचारलं.

"तुझा हात लाभतो, नांग. माझा नवरा गेल्यावर तू पहिल्यांदा आलीस ना, त्या दिवशी नऊच्या आत टोपल्या रिकाम्या. तेव्हापासून तू आल्याशिवाय मी कुणाला विकत नाही. लोकांना सांगते, भात शिजायचाय."

पुरिंगला एकदम आठवलं. गुडघ्याच्या दुखण्यानं ती नऊ दिवस अंथरुणावर होती, आणि ही बाई रोज पहाटे घरी इबोस घेऊन आली. आणून वर पंचवीस पेसो मागितले! आजाऱ्याला पंचवीस पेसो सोडवेनात, म्हणून पुरिंग महिनाभर घुश्शात होती.

तिनं पुन्हा चष्मा काढला. या वेळी तो पुसायला तिला बराच वेळ लागला.

मिस हावेलोसांनी पंचवीस हजार तीनशे पेसो उत्पन्नात धरले, त्यावरचा कर आणि दंड लिहिला. दंड बोचणारा होता, पण दुकान बुडवणारा नव्हता. कुलूप टळलं. जाताना त्यांनी एक इबोस विकत घेतला, आणि शेडमधल्या दोघी एकदमच म्हणाल्या, "पावती घ्या!"

दुसऱ्या दिवशी साडेपाचला पुरिंग हजर होती. लुसिंगनं कॉफी ठेवली. पुरिंगनं पंचवीस पेसो ठेवले आणि हात पुढे केला.

"पावती."

लुसिंगचा हात पुस्तकावर थबकला. "नक्कल पुस्तकातच ठेवली ग. पण ही तू नेलीस, आणि नशीब गेलं तर?"

पुरिंगनं पावती घेतली, नाव तपासलं, नंबर तपासला. मग उठली आणि आत जाऊन ती स्वतःच्या हातानं बिस्किटांच्या डब्यात टाकली.

"गिऱ्हाइकानं आपली पावती कुठे ठेवावी, याला कायदा नाही," ती म्हणाली. "आणि नशीब जाईल कुठे? उद्या मी येणारच आहे."